आधी टाकी, मग सुई: कंट्रोल लाइन विमानाचं इंजिन हवेत का बंद पडतं

कंट्रोल लाइन विमान म्हणजे मध्यभागी उभं राहून, हातातल्या हँडलला जोडलेल्या दोन तारांनी (लाइननी) गोल फिरवत उडवायचं छोटं इंजिनाचं विमान. प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात कंट्रोल लाइन विमानं उडवलेल्या एका वाचकाने आता पुण्यात स्वतःचं विमान बांधलं आहे. प्रोफाइल (सपाट फळीची) बॉडी, ओएस २५ एलए ग्लो इंजिन, पत्र्याची टाकी, १८ मीटरच्या लाइन, वजन साधारण एक किलो. जमिनीवर इंजिन अगदी सुरेख चालतं. हवेत गेलं की अर्ध्या टाकीनंतर लीन होत जातं (मिश्रणात इंधन कमी पडतं), विमान उलटं केलं की आवाज आणखी चढतो आणि आउटसाइड लूपमध्ये, म्हणजे पाठ बाहेर ठेवून घेतलेल्या उभ्या गोलात, ते बंद पडतं. शिवाय डोक्यावरून नेताना लाइन सैल होतात. इंजिनाला किती इंधन जावं ते ठरवणारी ‘सुई किती उघडू?’ असं त्यांनी विचारलं आहे.

सुईला सध्या हात लावू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत सुईचा दोष मला कुठेच दिसत नाही. अर्ध्या टाकीनंतर लीन होणं हा टाकीच्या व्हेंटचा (हवा आत येण्याच्या नळीचा) प्रश्न आहे, उलटं केल्यावर लीन होणं हा टाकीच्या उंचीचा, आणि डोक्यावर लाइन सैल होणं हा बऱ्याच अंशी या दोन्हींचा परिणाम. सुई उघडून तुम्ही सुरुवातीची मिनिटं रिच (जास्त इंधनाची) कराल, शेवटची तशीच लीन राहतील आणि मध्ये कधीतरी दोन-चार फेऱ्या बरोबर जातील, एवढंच.

आधी जमिनीवर आणि हवेत काय बदलतं ते बघू. जमिनीवर प्रॉप (प्रोपेलर) जागच्या जागी हवा ढकलत असतो, त्याच्यावर पूर्ण भार असतो. विमान पळायला लागलं की भार हलका होतो, प्रॉपचे फेरे वाढतात आणि तीच सुई आता लीन पडते. म्हणून जमिनीवर कानाला गोड लागणारं इंजिन हवेत हमखास जास्त लीन असतं. दुसरा फरक मोठा आहे. विमान सतत गोल फिरतंय, त्यामुळे टाकीतलं इंधन तळाशी बसत नाही. पाण्याची बादली गरगर फिरवल्यावर पाणी जसं बुडाला चिकटून राहतं, तसं ते बाहेरच्या पंखाकडच्या भिंतीला चिकटतं.

हे किती जोराने होतं ते आकड्यांत बघा, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं आहे. १८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ११३ मीटर. एक फेरी ५ सेकंदांत होत असेल तर वेग सेकंदाला सुमारे २२.६ मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की २८ च्या वर येतं. गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट. टाकीतला प्रत्येक थेंब गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराने बाहेरच्या बाजूला ढकलला जातोय.

प्रोफाइल विमानात टाकी बॉडीच्या बाहेरच्या अंगाला बसते आणि इंजिनही आडवं, सिलिंडर बाहेर करून. टाकी भरलेली असताना इंधनाची आतली कड बॉडीला लागून असते, म्हणजे स्प्रेबारच्या (इंजिनात इंधन सोडणाऱ्या बारीक नळीच्या) तुलनेत आत. इंधन स्प्रेबारकडे दाबाने येतं. जसजशी टाकी रिकामी होते तसतशी ही कड बाहेर सरकते. समजा ती अडीच सेंटिमीटर सरकली. तिप्पट जोर धरला तर इंजिनाच्या दृष्टीने टाकी साडेसात सेंटिमीटर खाली गेली. जमिनीवर टाकी हातात धरून साडेसात सेंटिमीटर खाली नेऊन बघा, इंजिन कसं किंचाळायला लागतं ते लगेच कळेल. तुमच्या अर्ध्या टाकीनंतरच्या लीनचं कारण हेच.

यावर उपाय युनिफ्लो व्हेंट. साध्या टाकीत हवा वरच्या मोकळ्या जागेत शिरते. युनिफ्लोमध्ये व्हेंटची नळी टाकीच्या आत बाहेरच्या भिंतीपर्यंत नेऊन, पिकअपच्या (टाकीतून इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या नळीच्या) तोंडाच्या थोडी अलीकडे सोडतात. आता हवा बुडबुड्यांनी त्या तोंडातूनच आत येते, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब त्या एका बिंदूवर टिकून राहतो. इंधनाची कड कुठेही असो, पिकअपला मात्र कायम त्या बिंदूपासूनचंच अंतर जाणवतं. पहिल्या फेरीपासून जवळपास शेवटपर्यंत मिश्रण एकसारखं राहतं. इंधन युनिफ्लोच्या तोंडाखाली गेलं की मगच ते बदलतं, पण तोवर उतरायची वेळ झालेली असते.

तुमची टाकी पत्र्याची असल्याने हे घरी करता येईल. एका बाजूचं झाकण तापवून काढा, ३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची पितळी नळी वाकवून बसवा आणि पुन्हा झाळा. पिकअपचं तोंड टाकीच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात, युनिफ्लोचं तोंड त्याच उंचीवर आणि पिकअपच्या साधारण एक सेंटिमीटर पुढे. दोन्ही नळ्या टाकीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर हव्यात. या मध्यावर मी इतका का अडतो ते पुढे सांगतो. भरण्यासाठीची तिसरी, जादा नळी असेल तर इंधन भरून झाल्यावर तिला टोपी लावायला विसरू नका. ती उघडी राहिली तर युनिफ्लोचा काही उपयोग नाही, टाकी पुन्हा साध्या टाकीसारखीच वागते. युनिफ्लोचं बाहेरचं तोंड समोरच्या स्वच्छ हवेत, पुढे तोंड करून ठेवा. काही जण तिथे मफलरचा दाब देतात, तेही चालतं. दोन्हींपैकी एक ठरवा आणि त्यावरच राहा, कारण बदललं की सुई नव्याने लावावी लागते.

झाळून झाल्यावर टाकीची गळती तपासणं टाळू नका. एक सोडून सगळ्या नळ्या बंद करा, टाकी पाण्यात बुडवा आणि उरलेल्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका. झाळलेल्या कडांवरून, विशेषतः नळी पत्र्यातून आत जाते त्या जागी, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक सुटताना दिसले तर तीच गळती. एवढ्या बारीक छिद्रातून इंधन बाहेर आलेलं दिसतही नाही, पण हवा आत जाते आणि युनिफ्लोचा हिशोब मोडतो. वर्षानुवर्षं ‘इंजिनच खराब’ म्हणून कपाटात पडलेली कितीतरी इंजिनं खरं तर अशा छिद्रांची बळी असतात.

आता उंची. विमान सरळ उडताना टाकीचा मध्य स्प्रेबारच्या वर असेल तर इंधन खाली उतरतं, मिश्रण रिच होतं. उलटं केलं की तीच टाकी स्प्रेबारच्या खाली जाते आणि मिश्रण लीन होतं. तुमचं विमान उलटं केल्यावर आवाज चढतो, म्हणजे टाकी वर बसली आहे. लूपमध्ये हा फरक कित्येक पटींनी वाढतो, कारण तीव्र वळणात इंधनावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच-दहा पटींपर्यंत जातो. टाकी फक्त ३ मिलिमीटर वर असेल तर दहा पटीच्या वळणात ते ३ सेंटिमीटरसारखं वागतं. आउटसाइड लूपमध्ये जोराची दिशा उलट्या उड्डाणासारखीच असते, म्हणून इंजिन तिथेच बंद पडतंय.

हे कानाने न ठरवता घड्याळाने ठरवा. मित्राला स्टॉपवॉच द्या. सरळ पातळीत सलग काही फेऱ्या मोजा, मग त्याच उड्डाणात उलट्या पातळीत तेवढ्याच फेऱ्या. उलट्या फेऱ्या जलद झाल्या तर टाकी खाली घ्या, सरळ फेऱ्या जलद झाल्या तर वर. एका वेळी दीड मिलिमीटर, म्हणजे एका प्लायच्या पट्टीएवढंच सरकवा. दोन्हीकडच्या फेरीची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात जुळली की थांबा. नळ्या टाकीच्या मध्यावर हव्यात असं मी म्हटलं ते यासाठी: त्या वर-खाली असतील तर टाकी कितीही सरकवली तरी दोन्ही बाजू एकदम जुळत नाहीत. उलट्यात जास्त वेळ राहण्याची सवय नसेल तर उंचीवर जाऊन करा आणि खाली येण्याची घाई करू नका. उलट्यात हँडलची दिशा उलटते आणि नवख्या माणसाचं मनगट नेमक्या क्षणी जुन्या सवयीने वळतं.

टाकी झाली की मग इंधनाचा रस्ता बघा. एलए मालिकेत सुई कार्बोरेटरपासून दूर, इंजिनाच्या मागच्या झाकणाजवळ असते आणि तिथून नळी जेटकडे, म्हणजे इंधन सोडणाऱ्या छिद्राकडे, जाते. अशा जोडांमधून हवा शोषली जाते. पारदर्शक सिलिकॉन नळी लावा आणि इंजिन चालू असताना, प्रॉपच्या मागे उभं राहून, नळीत बुडबुडे पळताना दिसतात का ते बघा. दिसले तर एकेक जोड पक्का करा. सुईच्या आट्यांवर सिलिकॉन नळीचा तुकडा सरकवून बसवला की तिथली हवा थांबते आणि कंपनाने सुई फिरायचीही थांबते. मागच्या झाकणाचे स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. मला विचाराल तर कंट्रोल लाइनसाठी दूरची सुई काढून थेट व्हेंच्युरीत (हवा आत घेणाऱ्या नळकांड्यात) बसणारा साधा स्प्रेबार लावणंच उत्तम. थ्रॉटल लागतच नाही, मग एवढे जोड हवेत कशाला?

एवढं झाल्यावर सुई. इंजिन चालू करा, गरम होऊ द्या, मग सुई हळूहळू बंद करत इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत न्या. तिथे आवाज स्वच्छ, ताणलेला आणि सलग येतो. आता मागे फिरा आणि आवाजातला ताण जाऊन तो जरासा ओलसर होईपर्यंत सुई उघडा. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) असेल तर मिनिटाच्या कमाल फेऱ्यांपेक्षा पाच-सातशे कमी. या इंजिनाला ९×४ चा प्रॉप (९ इंच व्यास, ४ इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर) चांगला जुळतो. फेरे जास्त, पिच कमी, म्हणजे विमान वर चढताना वेग फारसा पडत नाही आणि खाली येताना फारसं पळतही नाही. मग विमान हातात धरून नाक सरळ वर करा. आवाज किंचित स्वच्छ व्हावा, चढून किंचाळू नये आणि पडूही नये. ही चाचणी करताना विमान घट्ट धरणारा माणूस वेगळा हवा, सुईला हात घालणारा वेगळा, आणि दोघंही प्रॉपच्या मागे. प्रॉपच्या रेषेत, बाजूलाही, कोणी उभं राहायचं नाही. सुरू करायला बोटाऐवजी रबर चढवलेली काठी किंवा स्टार्टर वापरा. एवढंसं इंजिनही बोटाचं हाड तोडू शकतं.

तुम्ही कदाचित जुन्या माणसांकडून ‘फोर-टू-फोर’ ऐकलं असेल. ती पद्धत फॉक्स ३५ स्टंटसारख्या इंजिनांची. ती इंजिनं सरळ उड्डाणात इतकी रिच ठेवत की स्फोट एकाआड एक फेऱ्याला व्हायचा, आवाज जाड आणि खालच्या सुरात. नाक वर गेलं, भार वाढला की इंजिन टू-सायकलमध्ये, म्हणजे दर फेऱ्याला स्फोट होण्यात, शिरून जोर द्यायचं आणि नाक खाली आलं की परत जाड आवाजात. वेग आपोआप सांभाळला जायचा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला फुलली. त्याआधी पोर्टलंडच्या जिम वॉकरने दोन तारांनी विमान चालवायची ‘यू-कंट्रोल’ पद्धत आणि ‘फायरबॉल’ विमान घराघरांत पोचवलं होतं, आणि १९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग आल्यावर स्पार्कची कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी हे सगळं वजन विमानातून उतरलं. त्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनांना फोर-टू-फोर शोभून दिसायचं, आणि ते ऐकायला आजही मला फार आवडतं. पण तुमचं २५ एलए तसं बनलेलं नाही. त्याला एकसारख्या, ओलसर टू-सायकलमध्येच चालू द्या. जबरदस्तीने फोरमध्ये ढकललंत तर प्लग गार पडतो आणि तीव्र वळणावर इंजिन कचरतं.

प्लगबद्दल थोडं. प्लगमधली प्लॅटिनमची तार बॅटरीने फक्त सुरुवातीला तापते. नंतर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या संगतीने तिला तापती ठेवते. म्हणून बॅटरी दीड व्होल्टच्या वर नको. बॅटरी काढल्याक्षणी फेरे पडत असतील तर एक तर मिश्रण फार रिच आहे किंवा प्लग थकला आहे. आधी सुई थोडी बंद करून बघा, तरी पडत असतील तर प्लग बदला. तार वेडीवाकडी, पांढुरकी किंवा खरखरीत दिसली तर विचारच करू नका, बदला.

इंधनाच्या बाबतीत आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. २५ एलएला एकूण २० ते २२ टक्के तेल द्या, त्यात निम्मं एरंडेल, निम्मं सिंथेटिक. नायट्रोमिथेन ५ ते १० टक्के, बाकी मिथेनॉल. जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनांना २५ ते २८ टक्के तेल आणि तेही बहुतेक एरंडेल लागतं. एरंडेलाला मी मानतो. इंजिन चुकून लीन झालं की बाकीची तेलं जळून जातात, एरंडेल मात्र गरम धातूवर चिकट थर धरून राहतं आणि उष्णता बाहेर घेऊन जातं. आपला देश एरंडाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे, तेव्हा चांगलं एरंडेल मिळायला अडचण नाही. शुद्ध, कसलीही भर नसलेलं घ्या. औषधाच्या दुकानातल्या वासाच्या किंवा चवीच्या बाटल्या नकोत.

मिथेनॉल मात्र सहज मिळत नाही आणि त्याचं कारणही रास्त आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत. रसायनांच्या परवानाधारक विक्रेत्याकडून, रीतसर नोंद करून, पावती घेऊन आणा. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा आणि डबा घरातल्या मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत एक थेंबही ठेवू नका. मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं, म्हणून भरताना हातमोजे घाला. उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. टाकीजवळ आच जाणवली तर ज्योत दिसायची वाट न बघता दूर व्हा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनपासून अर्धा भरलेला डबा सैल झाकणाने ठेवला की ऑगस्टपर्यंत इंजिन विनाकारण अडखळायला लागतं आणि माणूस सुईशी झटत बसतो. छोटे डबे, काठोकाठ भरलेले, घट्ट झाकणाचे. संशय आला तर ताजं इंधन घालून एक उड्डाण करा, उत्तर लगेच मिळेल.

हवेचाही हिशोब ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तेव्हा मुंबईच्या मैदानावर लावलेली सुई पुण्यात थोडी रिच पडते. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४० अंश यांत हवेच्या घनतेत जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो. गरम हवेत सुई एक-दोन खाचा बंद करावी लागते. थंडीत इंधन दाट होतं, तेव्हा उघडावी लागते. सकाळी सातला लावलेली सुई दहा वाजता पुन्हा तपासा. वहीत तापमान, सुईच्या खाचा आणि फेरीची वेळ लिहून ठेवायची सवय लावा. वर्षभराने ही वही तुम्हाला कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता सैल लाइन. ५ सेकंदांच्या फेरीला तुमच्या एक किलोच्या विमानाची ओढ जवळजवळ तीन किलो असते. डोक्यावर गेलं की गुरुत्वाकर्षण त्यातला एक किलो काढून घेतं, उरतात दोन. इंजिन लीन होऊन दमलं आणि वेग पडून फेरी साडेसहा सेकंदांची झाली, तर ओढ पावणेदोन किलोवर येते आणि डोक्यावर जेमतेम पाऊण किलो राहते. वाऱ्याची एक झुळूक पुरते आणि विमान तुमच्याकडे यायला लागतं. म्हणून मी म्हणालो की लाइनचा प्रश्न टाकीतूनच आला आहे. टाकी दुरुस्त झाल्यावरही सैल राहिल्या तरच विमानाकडे वळा.

तेव्हा तीन जागा बघा. लीडआउट, म्हणजे लाइन जोडायच्या विमानातल्या तारा, पंखातून बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या दीड-दोन सेंटिमीटर मागे असावी, म्हणजे नाक किंचित बाहेर राहतं. बाहेरच्या पंखाच्या टोकातलं वजन पुरेसं आहे का ते बघा, पण तीव्र वळणात बाहेरचा पंख लटकत असेल तर वजन जास्त झालं आहे, पाच-पाच ग्रॅमने कमी करा. आणि गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर विमान वळताना खूप वेग गमावतं. सैल लाइन आल्या तर उभं राहून हँडल हलवत बसू नका, मागे पळा. लाइन ताणल्या गेल्यावरच एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली होणारी पट्टी) तुमचं ऐकतो. वारा असेल तेव्हा सगळे खेळ वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असताना करा, वाराच विमानाला बाहेर ढकलत राहील.

लाइन स्वतःच्याही काही मागण्या असतात. ०.३८ मिलिमीटरच्या अनेक पदरी स्टीलच्या तारा या आकाराला ठीक. प्रत्येक इनसाइड लूपने दोन्ही तारांना एक पीळ बसतो, आउटसाइडने तो सुटतो. पीळ असतानाही तारा एकमेकींवरून घसरायला हव्यात. एरंडेलाचा चिकटा आणि मैदानाची धूळ बसली की घसरत नाहीत, हँडल जड लागतं आणि विमान उशिरा वळतं. म्हणून दर उड्डाणाआधी स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन हँडलपासून विमानापर्यंत चालत जा आणि दोन्ही तारा चिमटीतून पुसत न्या. फडक्याला एखादा धागा अडकला तर थांबा. तिथे तारेचा एक पदर तुटला आहे आणि ती तार आता कचऱ्यात टाकायची. मोसमाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक जोरदार आपटीनंतर ओढचाचणी करा. वजनाच्या दहापट, म्हणजे तुमच्या विमानाला दहा किलो, काटा लावून, हँडलपासून बेलक्रँकपर्यंत (लाइनची ओढ एलिव्हेटरकडे नेणाऱ्या विमानातल्या तरफेपर्यंत) सगळ्या जोडणीला. हँडलचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय विमान सोडू नका. आणि सोडण्याआधी हँडल वर केलं की एलिव्हेटर वर जातो ना, हे डोळ्यांनी बघा, मनात धरून चालू नका.

विजेच्या तारांबद्दल मी कधीच गप्प बसणार नाही. तुमच्या हातात १८ मीटर लांब स्टीलच्या तारा आहेत. उच्चदाबाच्या तारेला त्या टेकायचीही गरज नसते, नुसत्या जवळ गेल्या तरी वीज झेप घेऊ शकते. जगात कंट्रोल लाइनमध्ये माणसं दगावली आहेत ती मुख्यतः अशीच. मैदानाच्या कडेने विजेची लाइन जात असेल तर मैदान बदला. वळवाचे ढग गडगडायला लागले की हँडल खाली ठेवा, अर्धी टाकी शिल्लक असली तरी. आणि संक्रांतीच्या आसपास पतंगांच्या मैदानात उडवू नका.

डिझेलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जुन्या क्लबांत आणि काकांच्या पेटाऱ्यांत अडीच सीसीची डिझेल इंजिनं, इंग्लंडमधल्या मॅक्लेसफिल्डची पीएडब्ल्यू वगैरे, अजून सापडतात, म्हणून दोन शब्द. त्यांना प्लग नसतो. त्यांचं इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समान भागात, वर दीड-दोन टक्के आयसोप्रोपिल नायट्रेट. सुईशिवाय डोक्यावर कॉम्प्रेशनचा स्क्रू असतो. कॉम्प्रेशन जास्त झालं की इंजिन गरम होऊन कण्हतं आणि दमतं, कमी झालं की अडखळतं. इंजिनात इंधन तुंबलं असेल तर फिरवण्याआधी कॉम्प्रेशन सैल करा, नाहीतर द्रव दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन एरंडेलाने गोठून फिरत नसेल तर पकड लावू नका. प्लास्टिकचे आणि रबरी भाग काढून हेअर ड्रायरने सावकाश तापवा, तेल मऊ झालं की हाताने फिरेल. इथरची वाफ पेट घेते, म्हणून हे काम इंधनाच्या डब्यापासून दूर, उघड्या जागी करा.

तर या रविवारी हा क्रम धरा. टाकी उघडा, युनिफ्लो बसवा, पाण्यात तपासा. नळीतले बुडबुडे बघा. मग ओलसर टू-सायकलवर सुई लावून पहिलं उड्डाण करा आणि त्यात खेळ एकही नको, फक्त सरळ आणि उलट्या फेऱ्या मोजा. त्या जुळेपर्यंत टाकीखाली प्लायच्या पट्ट्या बदला. त्यानंतरच लूप. शेवटच्या उड्डाणानंतर टाकी पूर्ण रिकामी करा, नळी काढून इंजिन उरलेलं इंधन संपवून आपोआप बंद होईपर्यंत चालवा आणि व्हेंच्युरीत हलक्या तेलाचे चार थेंब टाकून प्रॉप हाताने फिरवून ठेवा, म्हणजे मिथेनॉलने ओढलेलं पाणी आतल्या पोलादाला गंज चढवणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा सरळ आणि उलट्या फेरीची वेळ, आणि इंजिन टाकीच्या कितव्या भागात बदललं, एवढं नक्की लिहा. त्यावरून पुढची दुरुस्ती सांगता येईल.